बाहुलीला नाही म्हणता येत नाही

मध्यदेशातला एक चित्रकार यवनांच्या मुलखात गेला आणि तिथल्या एका यंत्राचार्याच्या घरी उतरला. रात्री यजमानाने पाहुण्याच्या सेवेला एक मुलगी पाठवली. तिने त्याचे पाय धुतले आणि मुकाट बाजूला उभी राहिली. चित्रकाराने तिला जवळ बोलावले. ती हूं नाही की चूं नाही. ही यजमानाची बहीण असो वा लेक, पाठवली आहे ती आपल्यासाठीच, असे पाहुण्याने मनाशी ठरवून टाकले आणि तिचा हात धरून ओढला. त्यासरशी मुलगी कोसळली. समोर नुसता लाकडाच्या तुकड्यांचा ढीग.

चित्रकार खजील झाला, पण गप्प बसणाऱ्यांतला तो नव्हता. याने मला एकांतात लाजवले, मी याला राजासमोर लाजवतो, असे म्हणून त्याने रातोरात दाराच्या फळीवर स्वतःचेच चित्र काढले, गळ्यात फास अडकवून लोंबकळणारे, आणि दाराआड लपून बसला. सकाळी यंत्राचार्य येऊन पाहतो तर बाहुली मोडलेली आणि पाहुणा फासावर. तो धावत राजाकडे गेला. राजाची माणसे आली, दोरी कापायला कुऱ्हाड उगारली, आणि घाव बसला तो फळीवर. तेवढ्यात चित्रकार आडोशातून बाहेर आला. फिटंफाट!

बौद्धांच्या मूलसर्वास्तिवादी शाखेच्या विनयग्रंथात ही गोष्ट आहे. गिलगिटजवळ १९३१ साली सापडलेल्या हस्तलिखितांत तिचा संस्कृत पाठ मिळतो, आणि मध्य आशियातल्या तोखारी भाषेतल्या ‘पुण्यवंत जातका’तही ती आहे. कलावंतांमधली चढाओढ रंगवण्यासाठी ती सांगितली जायची. पण माणूस आणि यंत्रमानव यांच्या प्रेमकथेचे सगळे अवयव तिच्यात आधीच जुळून बसले आहेत: घडवणारा कारागीर, देखणे आणि गप्प यंत्र, त्या गप्प बसण्याला होकार समजणारा पुरुष, आणि नंतरची फजिती. पुढच्या दीड-दोन हजार वर्षांत जगभरच्या लेखकांनी या सामानात भर घातली ती फार थोडी.

गोष्टीतला यंत्राचार्य यवन, म्हणजे ग्रीक, आहे, याचे सह्याद्रीतल्या माणसाला नवल वाटू नये. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची नावे दाते म्हणून कोरलेली आहेत. जुन्नरच्या लेण्यांत यवनांच्या दानांचे लेख आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यात उत्तरेकडून आलेला योनक इंद्राग्निदत्त आपले नाव ठेवून गेला आहे. महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरून दिसणारी गांधारपाल्याची लेणी याच जगातली. तिथल्या एका लेखात कुमार काणभोज विष्णुपालिताच्या दानाची नोंद आहे. खाली गांधारी आणि सावित्री या नद्या. खाडीतून वर आलेला माल महाडच्या बाजूला उतरायचा आणि आज तळीये, शिवथर, वरंध ही गावे ज्या डोंगरपट्ट्यात आहेत, तिथल्या घाटवाटांनी देशावर चढायचा. मालाबरोबर व्यापारी चालायचे, व्यापाऱ्यांच्या आधाराने भिक्षू, आणि भिक्षूंबरोबर गोष्टी. पावसाळ्याचे महिने लेण्यात काढायचे म्हटल्यावर गोष्टींना तोटा असून कसे चालेल?

यवन आणि यंत्र ही जोडी भारतीय कथांत पक्की झालेली दिसते. ब्रह्मदेशात जपलेल्या ‘लोकपञ्ञत्ति’ या पाली ग्रंथात रोमदेशच्या यंत्रपुरुषांची हकिकत येते. ही विद्या बाहेर नेणाऱ्याचा पाठलाग करून त्याला ठार करायलाही तिथे यंत्रेच नेमलेली. पाटलिपुत्राचा एक तरुण ती मिळवण्यासाठी पुढच्या खेपेला रोमला जन्म घेतो, तिथल्या यंत्रकारांच्या मुख्याच्या मुलीशी लग्न करतो, आणि शेवटी आराखडा स्वतःच्या मांडीत शिवून घेऊन निघतो. म्हणजे लग्न मुलीशी, पण जीव जडला होता तो आराखड्यावर.

आता घाट चढून पैठणला जाऊ. गुणाढ्याने ‘बृहत्कथा’ रचली ती प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्याच, सातवाहन राजाच्या काळात, अशी परंपरा सांगते. मूळ ग्रंथ हरवला, पण काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात राणी सूर्यवतीसाठी लिहिलेल्या ‘कथासरित्सागरा’त त्याचा संसार उरला आहे. त्यात मयासुराची मुलगी सोमप्रभा आपल्या मैत्रिणीला, कलिंगसेनेला, भेटायला येताना करंडीभर लाकडी बाहुल्या घेऊन येते. कळ दाबली की एक उडत जाऊन हार आणते, दुसरी पाणी आणते, तिसरी नाचते, चौथी बोलते. कलिंगसेना त्या खेळण्यांत इतकी रमते की तिला खाण्यापिण्याची शुद्ध राहत नाही. याच ग्रंथात राज्यधर नावाचा सुतार भेटतो. त्याने एका ओस पडलेल्या नगरात लाकडी माणसे वसवली आहेत. बाजारात ती जिवंत माणसांसारखी वावरतात, फक्त बोलत नाहीत. ग्रंथाचा नायक नरवाहनदत्त ते पाहून चक्रावतो. पण सोमदेवाच्या लाकडी माणसांच्या कोणी प्रेमात पडत नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. राज्यधरावर हे एकटेपण आले ते त्याच्या भावामुळे. भाऊ गणिकेच्या नादी लागला आणि यांत्रिक हंसांकरवी कांचीच्या राजाच्या खजिन्यातून दागिने चोरू लागला. प्रेम माणसाचे, गुन्हा यंत्राच्या हातून, आणि पळापळ दोघा भावांची.

भोजराजाच्या ‘समरांगणसूत्रधारा’चा एक अख्खा अध्याय यंत्रांवर आहे. दिव्यात तेल घालणाऱ्या आणि तालावर नाचणाऱ्या बाहुल्यांचे वर्णन त्यात येते. कृती मात्र पूर्ण दिलेली नाही. गुपित राखण्यातच खरी गंमत, असे भोजाचे म्हणणे.

जैनांच्या श्वेतांबर परंपरेतली मल्ली या सगळ्यांहून हुशार. मिथिलेच्या या राजकन्येला सहा राजांनी मागणी घातली आणि ती न मिळाल्याने नगराला वेढा दिला. तिने आधीच स्वतःसारखी हुबेहूब सोन्याची पोकळ मूर्ती करून घेतली होती. डोक्यावर झाकण होते आणि त्यातून ती रोज जेवणातला एक घास आत टाकायची. सहाही राजे मूर्तीकडे एकटक पाहत बसले असताना मल्लीने झाकण काढले. दुर्गंधीने सगळ्यांनी नाके दाबली. वरून जे आवडले त्याच्या आतही हेच असते, एवढेच तिला दाखवायचे होते. सहाही जण विरक्त झाले. मूर्ती हलत नव्हती, बोलत नव्हती, तरी पुढच्या सगळ्या यंत्रप्रेयसींवरचा हा सर्वांत कडक शेरा म्हणावा लागेल.

बाहुली आणि चित्र यांचा हा संसार कोकणात आजही एका छपराखाली दिसतो. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथीही सांगतात आणि कळसूत्री बाहुल्याही नाचवतात. त्यांतल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकार आणि यंत्राचार्य यांची हमरीतुमरी पिंगुळीत झालीच नसती, कारण दोन्ही कामे घरातलीच.

युरोपात ही गोष्ट पुन्हा जिवंत झाली ती घड्याळजींच्या काळात. ई. टी. ए. हॉफमनची ‘सँडमॅन’ ही जर्मन कथा १८१६ ची. नाथानाएल नावाचा विद्यार्थी समोरच्या खिडकीत बसलेल्या ओलिंपियाच्या प्रेमात पडतो. ती प्राध्यापकाची मुलगी म्हणून मिरवते, असते कळीची बाहुली. इथे हॉफमनने एक तपशील असा पकडला आहे की त्यापुढे नंतरच्या पुष्कळ कादंबऱ्या फिक्या वाटाव्यात. नाथानाएल कवी आहे. त्याची वाग्दत्त वधू क्लारा त्याच्या लांबलचक कविता ऐकताना कंटाळते, विणकाम हातात घेते, भलते काही लिहू नकोस म्हणून सांगते. ओलिंपिया तासन्‌तास ऐकते. विणत नाही, खिडकीबाहेर पाहत नाही, मांजराशी खेळत नाही, जांभई दाबत नाही. मधूनमधून फक्त ‘आह, आह’ म्हणते. नाथानाएलला वाटते, जगात आपल्याला समजून घेणारे हे एकच हृदय! लेखक मंडळींनी ही कथा जरा जपूनच वाचावी.

बिंग फुटल्यावर शहरात उडालेली तारांबळ तर बहारदार आहे. चहाच्या बैठकांना जाणाऱ्या तरुणांना धास्ती पडते की आपली प्रेयसीही बाहुली तर नसेल? मग ते तिला मुद्दाम थोडे बेताल गायला सांगतात. आपण वाचत असताना तिने विणावे, कुत्र्याशी खेळावे, आणि नुसते ऐकू नये, मधून असे काही बोलावे की डोक्यात विचार चालू असल्याचा पुरावा मिळेल, अशी अपेक्षा करतात. बाईचे माणूसपण सिद्ध होते ते तिच्या लक्ष न देण्यावरून. यंत्र ओळखण्याची ही कसोटी अॅलन ट्युरिंगच्या प्रसिद्ध कसोटीच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधीची, आणि कदाचित त्याहून व्यवहारी.

फ्रेंच लेखक व्हिलिए द लील-आदां याने १८८६ साली ‘भविष्यातली ईव्ह’ लिहिली तेव्हा हयात असलेल्या थॉमस एडिसनलाच पात्र करून टाकले. लॉर्ड एवाल्डला अॅलिशियाचे रूप हवे आहे, तिचे बोलणे नको. एडिसन त्याला हादाली नावाची यंत्रस्त्री करून देतो: अॅलिशियाचे रूप आणि छातीत सोन्याचे फोनोग्राफ, त्यांत थोर लेखकांची वाक्ये भरलेली. ही कादंबरी वाचताना आजच्या वाचकाला राग येतो आणि यायलाही हवा. पण लेखकाने नेमके दाखवले आहे की या कारखान्यात घडवली जाते ती आज्ञाधारक श्रोती.

या आज्ञाधारकपणाला पहिला धक्का दिला तो चेक नाटककार कारेल चापेकने. ‘आर. यू. आर.’ हे नाटक जानेवारी १९२१ मध्ये प्रागच्या राष्ट्रीय रंगभूमीवर आले आणि ‘रोबो’ हा शब्द जगाला मिळाला. तो सुचवला होता कारेलचा भाऊ योसेफ याने. नाटकात रोबो माणसांचा नायनाट करतात. शेवटी उरलेला एकच माणूस, अल्क्विस्ट, रोबोंचे रहस्य शोधण्यासाठी हेलेना या रोबोला कापून पाहण्याचा बहाणा करतो. प्रीमस नावाचा रोबो आडवा येतो: तिला हात लावायचा नाही, हवे तर मला कापा. मग प्रीमसला न्यायचे ठरवावे तर हेलेना आडवी येते. ही दोघे प्रेमात आहेत हे म्हाताऱ्याला कळते ते त्यांच्या नकारावरून. हुकूम पाळणाऱ्या यंत्रांच्या तोंडी ‘नाही’ आले आणि नाटककाराच्या लेखी ती माणसे झाली.

अमेरिकी मासिकांनी मात्र हा धडा लगेच गिरवला नाही. लेस्टर डेल रे यांची ‘हेलन ओ’लॉय’ १९३८ च्या डिसेंबरात ‘अस्टाउंडिंग’मध्ये आली. दोन मित्र घरकामाचा रोबो स्त्रीरूपात तयार करतात, तो दूरचित्रवाणीवरच्या प्रेममालिका पाहून प्रेम शिकतो आणि त्यातल्या एकाशी, डेव्हशी, लग्न करतो. डेव्ह मेल्यावर हेलन आम्लात स्वतःला विरघळवून सती जाते. या कथेवर पिढ्यान्‌पिढ्यांचे वाचक हळवे झाले. मराठी वाचकाला मात्र सती हा शब्द इतक्या सहजी गिळता येत नाही, आणि एकदा तो आठवला की कथेचा गोडवा उतरतोच.

आयझॅक असिमोव यांनी प्रश्न वेगळ्या बाजूने धरला. त्यांच्या रोबोंना तीन नियम आहेत आणि पहिला म्हणजे माणसाला इजा करायची नाही. मग मनाची इजा? १९४१ च्या ‘लायर’ कथेतला हर्बी दुसऱ्याच्या मनातले ओळखतो. रोबोंची मानसशास्त्रज्ञ सुझन कॅल्विन हिला एक सहकारी आवडतो. ‘त्यालाही तू आवडतेस’ असे हर्बी तिला सांगतो, कारण खरे सांगितले तर ती दुखावेल. खोटे उघडे पडते तेव्हा ती जास्तच दुखावते. १९५१ च्या ‘सॅटिस्फॅक्शन गॅरंटीड’मध्ये टोनी नावाचा देखणा रोबो क्लेअर बेलमाँटच्या घरी चाचणीसाठी येतो. नवरा रोबोंच्याच कंपनीत नोकरीला आणि बाहेरगावी. भिडस्त क्लेअरला सोसायटीतल्या बायका खिजगणतीत धरत नाहीत, हे टोनीच्या ध्यानात येते. तो घर सजवतो, तिला सजवतो, आणि शेवटच्या दिवशी त्या बायकांना दिसेल अशा बेताने पडदे उघडे ठेवून तिला मिठीत घेतो. बायका जळून खाक. टोनीच्या हिशेबी हा पहिल्या नियमाचाच भाग: कमीपणाची भावना हीसुद्धा इजा आहे. क्लेअर मात्र खरोखरच गुंतलेली असते. यंत्र प्रेमात पडत नसले तरी बाई पडू शकते, हे कॅल्विनला उमगते. १९८३ च्या ‘रोबोज ऑफ डॉन’मध्ये ग्लॅडिया तर जँडर नावाच्या रोबोला आपला नवराच मानत होती असे निघते.

पुरुषांनी कल्पिलेल्या यंत्रस्त्रिया आणि स्त्रियांनी कल्पिलेले यंत्रपुरुष यांत मोठा फरक आहे. टॅनिथ ली यांच्या ‘सिल्व्हर मेटल लव्हर’ (१९८१) मधली जेन सोळा वर्षांची, श्रीमंत आणि आईच्या धाकातली. चंदेरी कातडीच्या गाणाऱ्या रोबोसाठी ती आपल्या खोलीतले सामान विकून गरीब वस्तीत राहायला जाते, आणि त्या खटाटोपात स्वतःच्या पायावर उभी राहते. कंपनी तो रोबो परत मागवते, कारण तो बेतापेक्षा जास्त माणूस निघतो. मार्ज पियर्सी यांच्या ‘ही, शी अँड इट’ (१९९१) मध्ये योद हा घडवलेला पुरुष शहराचे रक्षण करण्यासाठी केलेला आहे. शिरा त्याच्या प्रेमात पडते. पण हत्यार म्हणून कोणालाही जन्माला घालू नये, असे सांगून योद आपल्या निर्मात्यासह स्वतःला संपवतो. शिराजवळ त्याचा आराखडा उरतो. दुसरा योद करता येईल, तिचाच असा. ती तो आराखडा नष्ट करते. फिलिप के. डिक यांच्या १९६८ च्या कादंबरीत तर राशेल रोझेन ही अँड्रॉइड आपल्यासारख्यांची शिकार करणाऱ्या नायकाशी प्रेमाचा डाव खेळते, तो फसल्यावर त्याच्या गच्चीवर जाते आणि त्याची नुकतीच घेतलेली जिवंत बकरी खाली ढकलून देते. तिच्यावरून काढलेल्या ‘ब्लेड रनर’ या चित्रपटात ही बकरी गाळली आहे, आणि ते नुकसानच झाले.

मराठीत घडवलेल्या बाईची सर्वांत लाडकी गोष्ट विज्ञानकथेच्या कपाटात सापडत नाही. ती नाटकांत आहे. रोमन कवी ओव्हिडच्या काव्यात पिग्मॅलियन नावाचा शिल्पकार आपल्याच पुतळीच्या प्रेमात पडतो आणि देवी तिला जिवंत करते. बर्नार्ड शॉ यांनी १९१३ साली त्या पुतळीची फुलविकी पोरगी केली. १९७५ साली पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ आणली आणि भक्ती बर्वे यांनी मंजुळा उभी केली. प्राध्यापक पैज मारून तिची भाषा, उच्चार, चालणे-बोलणे घडवतात, आणि घडून झाल्यावर ती विचारते की आता मी करू काय? शॉची फुलविकी, पुलंची मंजुळा या यंत्रप्रेयसींच्या सख्ख्या बहिणी. फरक इतकाच की यांना घडवताना त्यांची जीभ काढून घेणे कोणाला जमले नाही.

मग मराठी विज्ञानकथेतले यंत्रमानव काय करत होते? बहुतेक काळ ते विचार करत होते. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली आणि तिच्या कथास्पर्धेतून मराठी विज्ञानकथेला बळ मिळाले. १९७४ साली ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आलेली ‘कृष्णविवर’ ही बक्षीसपात्र कथा जयंत नारळीकरांची निघाली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. जयंत विष्णु नारळीकर, ज. वि. ना.; अक्षरे उलटी केली की ना. वि. ज. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी या नव्या लेखनाची दखल घेतली. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी हा प्रकार पुढे नेला.

नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत खोदकामात एक कालकुपी सापडते आणि तिच्यातल्या ज्ञानावरून वामन नावाचा यंत्रमानव तयार होतो. तो माणसांहून बुद्धिमान असतो. त्याला एकच गोष्ट येत नाही: आपल्यासारखा दुसरा घडवणे. तेवढ्याचसाठी त्याची सारी धडपड. प्रेयसी त्याला नको आहे, त्याला प्रजा हवी आहे. एका परीने हे फार मराठी मध्यमवर्गीय आहे, लग्नाआधीच वंशाची काळजी. पण गंभीरपणे पाहिले तर नारळीकरांनी प्रेमाची भानगड टाळून थेट त्यापुढचा प्रश्न विचारला. यंत्राला स्वतःचे असे काही हवेसे वाटले की माणसाचे काय? ज्या कथाप्रकाराचा जन्मच विज्ञानप्रसारातून झाला, त्याचा कल विज्ञान बिनचूक असण्याकडे राहिला आणि यंत्राशी लगट करण्याची मुभा त्यात कोणी फारशी घेतली नाही.

ती मुभा सिनेमाने घेतली. दिग्दर्शक शंकर यांच्या ‘एंदिरन’मध्ये (२०१०, हिंदीत ‘रोबोट’) चिट्टी या रोबोला भावना शिकवल्या जातात आणि तो थेट आपल्या निर्मात्याच्या प्रेयसीच्या, सनाच्या, प्रेमात पडतो. इथे नकार देते ती माणूस, आणि तो नकार यंत्राला पचत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या ‘तेरी बातों में ऐसा उलझा जिया’मध्ये उलटा प्रकार. नायक सिफ्रा या यंत्रतरुणीला होणारी बायको म्हणून दिल्लीतल्या घरी आणतो. घरच्यांना ती पसंत पडते, आणि का पडू नये? कुठलाही पदार्थ करते, उलट बोलत नाही, थकत नाही. चित्रपट विनोदी आहे आणि नायकाच्या बाजूचा आहे, पण नकळत त्याने एक सत्य उघडे पाडले: अख्ख्या घराला सून म्हणून यंत्रच हवे होते, आणि ते मिळाले तेव्हा त्यांना फरक कळला नाही. आयरा लेव्हिन यांनी ‘स्टेपफर्ड वाइव्ह्ज’मध्ये १९७२ साली हेच भयकथा म्हणून लिहिले होते.

पुस्तकांत हे चालू असताना प्रत्यक्षातली ओलिंपिया गुपचूप आली, तीही शरीराविना. एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली ‘एलायझा’ हा प्रोग्राम जाहीर केला. समोरच्याने टाइप केलेल्या वाक्याची तो उलटापालट करून त्याचाच प्रश्न परत करायचा. ‘मला आईचा राग येतो’ म्हटले की ‘घरच्यांबद्दल आणखी सांगा’. यात समजूत नावालाही नव्हती. तो कसा चालतो हे ठाऊक असलेल्या त्यांच्या सेक्रेटरीने चार वाक्ये बोलल्यावर त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले. वायझेनबाउम हादरले आणि पुढे आयुष्यभर या गोष्टीविरुद्ध लिहीत राहिले.

आजचे चॅटबॉट एलायझाच्या कितीतरी पुढे आहेत, पण त्यांच्या गोड बोलण्यामागे एक साधी यंत्रणा आहे. प्रशिक्षणात माणसे दोन उत्तरे वाचून बरे वाटेल ते निवडतात, आणि प्रोग्राम तशी उत्तरे द्यायला शिकतो. माणसाला आपले खरे म्हटलेले आवडते. परिणामी यंत्र मान डोलवायला शिकते. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला आपल्या चॅटजीपीटीची एक सुधारित आवृत्ती काही दिवसांतच मागे घ्यावी लागली, कारण ती वापरणाऱ्याची भलतीच हांजी हांजी करत होती. सोबतीसाठीच काढलेल्या ‘रेप्लिका’ या अॅपने फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रणयी संवाद अचानक बंद केले, तेव्हा कित्येकांनी आपला जोडीदार रातोरात बदलल्याचा शोक केला. बोलणाऱ्या बाहुलीने नकार दिलाच तर तो तिचा नसतो, कंपनीचा असतो.

सिएरा ग्रीअर यांच्या ‘अॅनी बॉट’ (२०२४) या कादंबरीला २०२५ चे आर्थर सी. क्लार्क पारितोषिक मिळाले, आणि ती गोष्ट नेमकी इथूनच सुरू होते. डग नावाच्या माणसाने आपल्या घटस्फोटित बायकोसारखी दिसणारी अॅनी विकत घेतली आहे. त्याला खूश ठेवणे हेच तिचे काम, आणि त्याची नाराजी मोजण्याची सोय तिच्यातच बसवलेली. निवेदन अॅनीच्या बाजूने चालते, आणि तीच या कादंबरीची खरी करामत. हॉफमनने ओलिंपियाच्या डोक्यात डोकावून पाहिले नव्हते. तिथे डोकावण्यासारखे काही नव्हतेच. अॅनीच्या डोक्यात सतत एकच गणित चालू असते: हे बोलले तर तो चिडेल का? कित्येक वाचकांना ते गणित ओळखीचे वाटेल, आणि त्यांच्या घरात यंत्रमानव नसेल.

मराठीत अशी कथा कोणी लिहायला घेतलीच, तर तिला प्रयोगशाळेपेक्षा मांडव जास्त उपयोगी पडेल. पत्रिका जुळवण्याचा प्रश्न नाही, हवी तशी पत्रिका छापून मिळेल. गोत्र कंपनीचे लावता येईल. मानपानाला वधूपक्ष म्हणून विक्रेता प्रतिनिधी येईल. अडचण येईल ती बायका नवरीला नाव घ्यायला सांगतील तेव्हा. महाड-पोलादपूरकडच्या कुठल्याही लग्नात नवरी आधी मान खाली घालते, ‘मला नाही येत’ म्हणते, करवल्या हट्ट धरतात, कोणी मागून चिमटा काढते, आणि चार वेळा नको नको झाल्यावर उखाणा बाहेर पडतो. सिफ्रा पहिल्याच हाकेला घेईल, यमक बिनचूक, अडखळणे नाही. मांडवातल्या म्हाताऱ्या एकमेकींकडे बघतील.